गोचिडाची डॉक्टर आणि बाकीची शिकलेली मंडळी

मी हे लिहिणार नव्हतो. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की सोपानमामाला हौस होती.

झालं असं, की युनिव्हर्सिटीची जुनी पोरं शिरूरला एका मंगल कार्यालयात जमणार आहेत. गेट-टुगेदर. जेवण, फोटो, आणि वर एक स्मरणिका. त्या स्मरणिकेत माझा लेख पाहिजे म्हणून दिल्लीहून मीनल मॅडमचा फोन. म्हणलं, "मला न्हाई जमायचं." तर म्हणते, "मामा, जीपमध्ये एवढी वर्षं आमचं डोकं खाल्लंत, आता जरा कागदाचं खा!"

चौथी शिकलेल्या माणसाला लेख लिहायला लावणारी ही पीएच.डी. झालेली माणसं. ह्यांच्यातल्या एकानं तरी कधी स्टेपनी बदलायला हात लावला होता का? मी खाली लोळतोय, आणि हे वर उभं राहून मला सांगणार, की मामा, जॅक तिरका बसलाय!

बरं, चौथीपर्यंत मास्तरांनी शुद्धलेखन छडीनं शिकवलं, ते अजून हातात आहे. म्हणून लिहिताना 'आहे' लिहितोय. बोलताना 'हाय'च म्हणतो, आणि म्हणणार.

जीप धुवायला काढली की सीटखाली काय काय सापडतं. शेंगांची टरफलं, पेनांची टोपणं, कुणाची एकच चप्पल, कुणाचं अर्धं बिस्कीट. आपण काही मुद्दाम साठवत नाही. बसणारे बसून जातात, त्यांचं सांडलेलं आपल्याकडं राहतं. किस्से असेच साठले. आता झाडून काढतोय, नाकाला रुमाल लावून वाचा.

मी वडगाव रासाईचा. पूर्वी शिरूर-दौंड वडाप, म्हणजे सीटवारी जीप, चालवायचो. मग युनिव्हर्सिटीवाल्यांनी माझी जीप कामाला लावली. एक डिपार्टमेंट प्राण्यांचं, एक सार्वजनिक आरोग्याचं. दोन्हीकडची पोरं एकाच जीपमध्ये कोंबून मी गावोगाव हिंडवायचो. कुणी डास धरायचं, कुणी रक्त तपासायचं, कुणी नुसतेच प्रश्न विचारायचं.

त्यातली तिघं माझ्या जास्त अंगवळणी पडली. मीनल पुण्याची, पेठेतली, ती आरोग्याची. आज दिल्लीत प्रोफेसर. अभिजित बिबट्यावाला. आज स्वीडनमध्ये. आणि तिसरी सुरेखा, केंदूरच्या दादाभाऊ शेवाळ्यांची. दादाभाऊ म्हणजे झेंडू आणि टोमॅटो. त्या माणसाचं दुसऱ्या कशावर बोलणंच नसायचं, पोरगी शिकायला लागेपर्यंत.

तिघांत हुशार कोण, असं विचारलं तर बाकीची दोघं सुरेखाकडं बोट दाखवतात. पण बाकीची दोघं चिकटली आणि ही लोंबकळत राहिली. पीएच.डी. झाली, केस पिकायला लागले, तरी कॉलेजात आपली तासावर. दादाभाऊ मला शिरूरच्या मार्केट यार्डात भेटला, की राम राम झाल्यावर एकच प्रश्न. "सोपानराव, परमनंट कवा?"

जसा काय मीच कुलगुरू!

* * *

मीनलपासून सुरू करतो, कारण फोन तिनं केला.

सर्पदंशाचा सर्वे होता. मीनलच्या हातात छापील प्रश्न. दौंडकडच्या एका गावात पहिल्या घरासमोर उभी राहिली आणि म्हातारीला विचारलं, "गेल्या वर्षभरात आपल्या कुटुंबात कोणास सर्पदंश झाला आहे का?"

म्हातारी म्हणाली, "न्हाई बाई."

दुसऱ्या घरात, न्हाई बाई. तिसऱ्यात, न्हाई बाई. सगळी गल्ली संपली. मीनल खुशीत जीपपाशी आली. "मामा, तुमच्या भागात साप चावतच नाहीत! किती छान!"

सुरेखा जीपला टेकून पेरू खात होती. तिनं तोंड पुसलं आणि त्याच म्हातारीकडं गेली. "आज्जे, घरात कुणाला पान लागलं व्हतं का गं?"

"लागलं की! थोरल्या सुनंला भेंडी तोडताना लागलं. दिराला उसात पाणी धरताना लागलं. आन् समोरच्या शांतीच्या पोराला तर दोनदा लागलं!"

आमच्याकडं त्याचं नाव घराच्या उंबऱ्याआत कुणी काढत नाही. नाव काढलं की येतं म्हणतात. त्याला जनावर म्हणायचं, आणि चावलं म्हणायचं नाही, पान लागलं म्हणायचं. अर्ध्या तासात सगळी गल्ली जीपभोवती. मीनल घाम पुसत लिहितेय, पान लागले, पान लागले, पान लागले.

ते कागद पुण्याला गेले. तिथं मीनलच्या डिपार्टमेंटच्या हेडसरांनी ते नीट वाचले आणि तंबाखूच्या रकान्यात घातले.

पुढं शिरूरला मीटिंग झाली. हॉल गच्च. हेडसर माईकवर म्हणाले, "आनंदाची गोष्ट ही, की या भागात सर्पदंश जवळजवळ नाहीच. पण पानाचं व्यसन मात्र भयंकर! स्त्रिया, लहान मुलं, एका घरात तर चक्क बैलालासुद्धा पान!"

मागून एक आप्पा उठले. डोळ्यांत पाणी. "सायेब, आमचा बैल त्या पानानंच गेला!"

हेडसर म्हणाले, "बघा! मी तेच सांगतोय. कॅन्सर!"

* * *

अभिजित काय करायचा, तर बिबट्याची विष्ठा गोळा करायचा. उसात बिबट्या राहतो, हे आमच्याकडं आता पोरासोरांना माहीत आहे. तो काय खातो हे कळायला अभिजित त्याचं टाकलेलं उचलून आणायचा. चांगल्या घरचा मुलगा. आईबापाला काय वाटत असेल, हा माझा मला पडलेला प्रश्न.

एकदा पुण्याला जायला उशीर होता, म्हणून त्यानं ते एका स्टीलच्या डब्यात घालून आमच्या फ्रीजमध्ये ठेवलं. मला विचारलं होतं. मी कारभारणीला सांगायचं विसरलो. विसरलो म्हणजे, ते कसं सांगायचं हे सुचलं नाही.

सकाळी ती आमटी करायला बसली. डबा उघडला, वाकून वास घेतला, आणि बाहेर येऊन अभिजितला विचारलं, "का रं, ही चिंच कुठली? लय जुनी दिसतीय."

अभिजित ब्रश करत होता. फेसासकट म्हणाला, "काकू, ती आपल्याच उसातली!"

"उसात कवापासनं चिंच लागाया लागली?"

मी जीप काढून डिझेल भरायला निघून गेलो. संध्याकाळी आलो तवा फ्रीज अंगणात उन्हात उघडा ठेवला होता, आणि त्याच्या शेजारी अभिजित घासणी घेऊन बसला होता. त्याचा पुढं त्या विषयातच मोठा पेपर आला. पेपराच्या शेवटी सगळ्यांचे आभार आहेत म्हणे. आमच्या फ्रीजचा त्यात उल्लेख नाही.

* * *

त्याच अभिजितचं स्वीडनला जायचं ठरलं. तिथल्या लॅबमध्ये हीच विष्ठा मशीनमध्ये घालून तपासायची होती. त्याचा व्हिसा अडकला. हे कागद आणा, ते कागद आणा. पोरगं रोज माझ्या ओट्यावर येऊन बसायचं, तोंड पाडून.

आणि एक दिवस फोन आला, की नमुन्यांची परवानगी आली.

म्हणजे आमच्या वडगावची कुत्री खाऊन बिबट्यानं जे मागं टाकलं, ते विमानानं आधी परदेशी गेलं. अभिजित मागून गेला.

निरोप द्यायला गेलो तवा त्याला म्हणलं, "जा बाबा. तुझ्यापरीस तुझ्या मालाला मान हाय!"

* * *

आता सुरेखा. तिचा विषय गोचीड. गोठ्यातले, मेंढरांच्या वाड्यावरचे, रानातले. कुठला गोचीड कुठल्या जनावराला लागतो, आणि त्यातून माणसाला कुठला ताप येऊ शकतो, असं सगळं. केंदूरात पहिल्यांदा तिनं हे सांगितलं, तवा तिचा चुलता म्हणाला होता, "त्यात काय शिकायचं? उपटायचा आन् दगडावर चिरडायचा. झालं शिकून!"

पण पोरीनं नेट लावलं. पीएच.डी. झाली. दादाभाऊनं गावाच्या कमानीपाशी फ्लेक्स लावला. एवढा मोठा, की लग्नाच्या वरातीला वाकून जावं लागलं. 'डॉ. सुरेखा शेवाळे यांचे हार्दिक अभिनंदन.' मागं कुणाच्या तरी सांगण्यावरून स्टेथोस्कोपचं चित्र.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला घ्यायला गेलो, तर शेवाळ्यांच्या ओट्यावर रांग. कुणाचा गुडघा, कुणाचा खोकला, एक बाई नातवाला कडेवर घेऊन. सुरेखा हात जोडून सांगतेय, "अहो मी तसली डॉक्टर न्हाई!"

पुढं बसलेले एक आबा काठीवर हनुवटी टेकवून म्हणाले, "मग कसली?"

"मी गोचिडाची डॉक्टर हाय, आबा."

आबांनी विचार केला. बराच वेळ केला. मग उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. येखादा गोचीड आजारी पडला, तर तुझ्याकडंच आणतो!"

दादाभाऊनं त्याच दिवशी फ्लेक्सवरचा स्टेथोस्कोप चुना लावून पुसला. आता तिथं नुसता पांढरा साप असल्यासारखं दिसायचं. लोक म्हणायला लागले, म्हंजी पान लागल्यावर हिच्याकडं यायचं वाटतं.

* * *

मग सुरेखाला जर्मनीहून बोलावणं आलं. पोस्ट-डॉक. पीएच.डी. झाल्यावर आणखी दोन-तीन वर्षं मोठ्या लॅबमध्ये काम करायचं, त्याला तसं म्हणतात. हे मला आता कळलं. दादाभाऊला कळायला तेवढा वेळ नव्हता. त्यानं यार्डात सगळ्यांना सांगून टाकलं, "पोरगी पोस्टात लागली!"

त्यावरून दौंडचं एक स्थळ सांगून आलं. मुलगा रेल्वेत. मध्यस्थ मीच होतो, कारण पाहुण्यांना आणायला गाडी माझीच. मुलाचा मामा मिशीला पीळ देत म्हणाला, "पोस्टात कुठं? काउंटरला का वाटपाला?"

दादाभाऊ म्हणाला, "जर्मनीला."

"जर्मनीला? आन् तिथली पत्रं हिला वाचता येत्यात?"

"ती काय म्हंती, त्यांचं सगळं इंग्लिशमदी चालतं."

मामा जरा दबला. पोहे संपवले. मग खरा प्रश्न काढला. "पर परमनंट हाय नव्हं?"

सुरेखा चहा घेऊन आली होती. तिनंच उत्तर दिलं, "न्हाई मामा. दोन वर्षांचं हाय. फार तर तीन."

मुलाच्या मामानं बशी खाली ठेवली. शेजारच्या पाहुण्याकडं बघून हळहळला. "बघा पाव्हणं! आता पोस्टात बी कंत्राटी झालं म्हणायचं!"

स्थळ गेलं. त्याचं तिला काही वाटलं नाही. पण जर्मनीला पण ती गेली नाही. दौंडच्या कॉलेजात प्राणीशास्त्राची कायमची जागा निघणार, असं कुणीतरी खात्रीनं सांगितलं होतं. म्हणाली, "मामा, माझं सगळं काम ह्या दोन तालुक्यांत हाय. इथले गोचीड सोडून तिथं बर्फात काय करू?"

जाहिरात निघाली. मग रद्द झाली. मग परत निघणार होती, ती निघाली नाही. अभिजित स्वीडनहून फोनवर तिला शिव्या घालायचा. मीनल दिल्लीहून घालायची. मी जवळ होतो, मी समोरासमोर घातल्या.

* * *

तोवर ती त्याच कॉलेजात तासावर शिकवायला लागली. सीएचबी म्हणतात. जेवढे तास घेतले तेवढाच पगार. सुट्टी लागली की पगारालाही सुट्टी.

दादाभाऊला कुणी विचारलं, की तासावर म्हंजी कसं, तर तो सोपं करून सांगायचा. "आपला ट्रॅक्टर भाड्यानं सांगतो का न्हाई? तसं!"

एकदा मे महिन्यात मी केंदूरला गेलो होतो. सुरेखा डोक्याला फडकं बांधून टोमॅटो तोडत होती. तेवढ्यात व्यापाऱ्याचा टेम्पो आला. क्रेट उतरवायला जो पोरगा उतरला, तो दौंडच्या कॉलेजातला तिचाच विद्यार्थी निघाला. तो जागच्या जागी थिजला. "मॅडम? तुम्ही? इथं?"

मला वाटलं, आता पोरीची मान खाली जाणार.

तिनं क्रेट उचललं, त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "प्रॅक्टिकल चालू हाय. तू गैरहजर लागलायस. धर!"

त्यानं सगळा टेम्पो भरला. शेवटी विचारलं, "मॅडम, ह्याचे मार्क किती?"

* * *

एका कॉलेजात मुलाखत होती. कुठल्या, ते लिहीत नाही, उगाच कुणाच्या पोटात दुखायला नको. जागा एक. उमेदवार बाहेरच्या बाकावर दाटीवाटीनं बसलेले, मांडीवर फायली. सुरेखानं इस्त्रीची साडी नेसली होती आणि जीपमधली धूळ लागू नये म्हणून सगळ्या रस्त्यानं सीटवर वर्तमानपत्र अंथरून बसली होती.

मी बाहेर गाडीपाशी. मुलाखती अजून सुरू व्हायच्या होत्या. एक हारवाला मोटरसायकलवर आला. हातात मोठा हार, पिशवीत पेढे. मला म्हणतो, "काका, निवड झालेल्या मॅडमचा सत्कार कुठल्या हॉलमधी हाय?"

मी म्हणलं, "कुठल्या मॅडमचा?"

त्यानं नाव सांगितलं. सुरेखाचं नव्हतं.

मी त्याला हॉल दाखवला. दुसरं काय करणार. तो वर गेला आणि बाकावरच्या सगळ्या उमेदवारांसमोरून तो हार गेला. एकानं फाईल बंद केली, एवढाच आवाज.

सुरेखा तरी आत जाऊन आली. सगळ्या प्रश्नांची उत्तरं देऊन आली. जीपमध्ये बसल्यावर मी तोंड सोडलं. बरंच सोडलं. इथं लिहिण्यासारखं नाही. तिनं फाईल सीटखाली सरकवली. मग म्हणाली, "मामा, तो हार बघितला का नीट?"

"का?"

"झेंडू आपला व्हता. आमच्या रानातला. वडलांनी काल यार्डात घातलेला, मी वळखते." मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "चला. घरातलं काहीतरी सिलेक्ट झालं!"

केंदूर येईपर्यंत मी एकदाही हॉर्न वाजवला नाही.

* * *

आता हा शेवटचा. हा मी सांगणार नव्हतो, पण मीनल म्हणाली, तो नसेल तर लेखच घेणार नाही.

भीमेच्या काठाला आमच्या गावाशेजारी बाभळीचं रान आहे. तिथं साळिंदराची बिळं आहेत. सुरेखा बिळात काठीला फडकं बांधून घालायची, आणि फडक्याला काय चिकटतं ते बघायची. कायमच्या जागेचा पत्ता नव्हता, तरी काम सोडलं नव्हतं. मी बाभळीखाली जरा आडवा झालो. डोळा लागला.

जाग आली ती तिच्या ओरडण्यानं. "मामा! हलू नका!"

मी आहे तसा पडून राहिलो. "जनावर हाय का?"

"न्हाई! गोचीड हाय! कानामागं!"

"मग उपट की, बघतीस काय!"

"न्हाई न्हाई! उपटला तर तोंड तुटंल!"

"माझं?"

"त्याचं!"

भिंग घेऊन ती माझ्या कानापाशी वाकली, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या मानेकडं बघून म्हणालं, "किती गोड हाय हो!"

इथं काढायचा नाही म्हणाली. लॅबमध्ये नीट काढायचा, सगळ्या अवयवांसकट. म्हणजे वडगावपासून दौंडपर्यंत मी गोचीड मानेवर घेऊन जीप चालवली. आणि ती शेजारी बसून मला सांगतेय, "मामा, खड्डं चुकवा. त्याला धक्का बसतुया."

त्याला!

लॅबमध्ये तिनं चिमट्यानं अलगद काढला. पोरं गोल करून बघत होती, कुणी फोटो काढत होतं. गोचिडाचे. मला कुणी चहा विचारला नाही.

पुढं ती बरेच दिवस त्या एका गोचिडापायी पुणं-दौंड करत राहिली. त्याच बिळातले आणखी धरून आणले. कुठं कुठं पाठवले, कुणाकुणाला दाखवले. शेवटी ठरलं, की हा गोचीड आजवर कुणीच नोंदवलेला नाही. नवीन जात. अशा वेळी शोधणाऱ्यानं नाव ठेवायचं असतं. बाकीची माणसं गुरूचं नाव ठेवतात, गावाचं ठेवतात, बापाचं ठेवतात.

हिनं पुढं काहीतरी लॅटिन ठेवलं, आणि मागं ठेवलं 'सोपानी'.

मला आधी कुणी सांगितलं नाही. मला कळलं कसं, ते ऐका.

दौंडला अखेर जाहिरात निघाली आणि मुलाखत लागली. मी पुन्हा तिला घेऊन गेलो. ह्या वेळी मी गेटपाशी कुणी हारवाला येतोय का, हे आधी बघितलं. कुणी नव्हतं. उन्हाचे दिवस, मुलाखतीच्या खोलीच्या खिडक्या उघड्या, आणि माझी जीप बरोबर खिडकीखाली सावलीत. मुद्दाम नाही लावली. सावली तिथंच होती.

आतलं सगळं ऐकू येत होतं. सुरेखाचा आवाज सुरुवातीला कापत होता. मग बाहेरगावाहून आलेले एक्स्पर्ट साहेब म्हणाले, "तुमचा नव्या प्रजातीचा पेपर मी वाचला. उत्तम आहे. पण हे 'सोपानी' काय? कुणी शास्त्रज्ञ?"

"न्हाई सर. आमचे जीप ड्रायव्हर."

मी सीटवर ताठ बसलो.

"ड्रायव्हर? त्यांचं नाव का दिलंत?"

आणि ह्या पोरीचा आवाज एकदम मोकळा झाला. जसा काय आपल्या ओट्यावर बसून बोलतेय. "सर, ह्या जातीची ओळख पटवायच्या तीन खुणा हायेत. कातडं जाड. तोंड एका बाजूला वाकडं. आन् एकदा धरलं, की काय वाट्टेल ते झालं तरी सोडत न्हाई. मला दुसरं नावच सुचंना."

आत हसण्याचा गडगडाट झाला. तोंड वाकडं! मी! माझं कोपर हॉर्नवर पडलं. पडलं म्हणजे, पडू दिलं. चांगला वेळ.

एक्स्पर्ट साहेब म्हणाले, "हे काय?"

सुरेखा म्हणाली, "सर, मूळ नमुना खाली जीपमध्येच बसलाय."

तिघे-चौघे खिडकीत आले आणि वाकून माझ्याकडं बघायला लागले. एकानं चष्मा वर केला. मी तोंड फिरवलं. त्यावर एकजण म्हणाला, "हो हो, डावीकडं वाकडं. पेपरात बरोबर दिलंय!"

परत येताना रस्ताभर मी तिच्याशी बोललो नाही. ती पण बोलली नाही. ओढणीत तोंड घालून हसत होती, का रडत होती, ते आरशात नीट दिसलं नाही.

माझं म्हणणं फार मोठं नाही. नाव ठेवलं, ठेवलं. जाड कातडं, तेही चालेल. पण तोंड वाकडं हे तिनं कमिटीसमोर म्हणलं, इंग्रजीत छापलं, आता जगभरातले लोक ते वाचणार. गेट-टुगेदरला सगळ्यांसमोर माईकवर येऊन तिनं एवढंच म्हणावं, की मामा, चुकलं. ते ती अजून म्हणलेली नाही. फोनवर विचारलं तर म्हणते, "मामा, सायन्समधी माफी नसते, पुरावा असतो."

म्हणून नाव पूर्ण लिहून ठेवतो. छापणाऱ्यानं एक अक्षर गाळू नये.

डॉ. सुरेखा दादाभाऊ शेवाळे, मु. पो. केंदूर. असिस्टंट प्रोफेसर, प्राणीशास्त्र. परमनंट.